वीस मिनिटांची घाई : अर्नेस्ट लॉरेन्स

पेट स्कॅनसाठी रुग्णाला दिलेली वेळ काटेकोरपणे पाळावी लागते. शिरेतून टोचल्या जाणाऱ्या द्रव्यातील किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते. ते साठवून ठेवता येत नाही, ताजेच तयार करावे लागते. ते तयार करणाऱ्या सायक्लोट्रॉन या यंत्राचे जनक म्हणजे अर्नेस्ट लॉरेन्स.

त्यांचा जन्म ८ ऑगस्ट १९०१ रोजी अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यातल्या कँटन या गावी झाला. १९२८ मध्ये ते बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात रुजू झाले. झोपाळ्याला योग्य वेळी हलके झोके देत गेले की तो उंच जातो. तसेच कणांना चुंबकाच्या साहाय्याने गोल फिरवत दर अर्ध्या फेरीला विजेचा धक्का द्यायचा, ही त्यांची कल्पना. १९३१ मध्ये विद्यार्थी स्टॅन्ली लिव्हिंगस्टन यांच्यासह त्यांनी ती सिद्ध केली. पहिल्या यंत्राचा कक्ष तळहातावर मावेल एवढाच होता.

१९३४ च्या आरंभी पॅरिसमध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी कृत्रिम किरणोत्सर्ग शोधला. बर्कलेत तो आधीपासूनच घडत होता. पण सायक्लोट्रॉन आणि किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर एकाच बटणावर चालत. यंत्र बंद झाले की मोजणीही बंद! जोडणी बदलताच काउंटर टकटकू लागला. शोधाचा मान मात्र हातचा गेला होता.

लॉरेन्स यांनी मग यंत्र याच कामाला जुंपले. जीवशास्त्र, रसायन आणि वैद्यक शाखांच्या संशोधकांना समस्थानिके मिळू लागली. वनस्पती अन्न कसे बनवतात, हे शोधण्यासाठी सॅम्युअल रूबेन आणि मार्टिन कामेन कार्बन-११ वापरत. तो दर २० मिनिटांनी निम्मा होतो. दोन तासांत चौसष्टावा भागच उरतो. त्यामुळे प्रयोग म्हणजे धावपळच. १९४० मध्ये याच दोघांनी हजारो वर्षे टिकणारा कार्बन-१४ मिळवला. लॉरेन्स यांचे डॉक्टर बंधू जॉन यांनी किरणोत्सर्गी फॉस्फरस रक्ताच्या कर्करोगावर वापरला.

१९३९ मध्ये लॉरेन्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले. युद्धकाळात त्यांनी अणुबाँबसाठी युरेनियम वेगळे करण्याचे कामही केले. पुढे मोठ्या आतड्याला सूज व व्रण आणणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसने त्यांना ग्रासले. २७ ऑगस्ट १९५८ रोजी, शस्त्रक्रियेनंतर, वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळला सुरू झाले. पेट स्कॅनला उशिरा पोहोचणाऱ्या रुग्णासाठी फ्लोरिन थांबत नाही, एवढे लक्षात ठेवावे.