हळदोण्याचा ट्रम्पेटवादक : चिक चॉकलेट

लग्नाच्या वरातीत बँडवर ‘अलबेला’ चित्रपटातील एखादी चाल सुरू झाली, की पिंपळगाव राजासारख्या आमच्या वऱ्हाडातील गावातही आबालवृद्धांची पावले थिरकू लागतात. या चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र सर्वांना ठाऊक आहेत. त्यांना साथ देणाऱ्या एका गोमंतकीय ख्रिस्ती वादकाचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच घेतले जाते. त्या चिक चॉकलेट यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

त्यांचे मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ. १९१६ साली गोव्यातील हळदोणे या गावी त्यांचा जन्म झाला. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील धर्मग्रामांना जोडलेल्या शाळा असत. तेथे मुलांना स्वरलिपी वाचण्यास, व्हायोलिन वाजविण्यास व मिस्सेतील लॅटिन गीते गाण्यास शिकविले जाई. गरिबाघरच्या मुलालाही ही विद्या मिळे. गावात रोजगार तुटपुंजा असल्याने कित्येक तरुण हीच शिदोरी घेऊन मुंबई, कोलकाता, रंगूनची वाट धरीत. मुलाने मेकॅनिक व्हावे अशी वाझ यांच्या आईची इच्छा होती. परंतु त्यांचे मन ट्रम्पेटमध्ये गुंतले होते.

१९३५ पासून मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांची पथके येऊ लागली. त्यांच्या जॅझमध्ये गुलामगिरी सोसलेल्या समाजाच्या भक्तिगीतांची आर्तता मुरलेली होती. चर्चच्या सुरांत वाढलेल्या गोमंतकीय तरुणांना हे संगीत परके वाटले नाही. वाझ यांनी लुई आर्मस्ट्राँग यांना मनोमन गुरू मानले. पुढे स्वतःचे पथक घेऊन ते ताजमध्ये वाजवू लागले आणि मुंबईचे आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले जाऊ लागले.

१९५० च्या सुमारास मुंबईत दारूबंदी कडक झाली. हॉटेलांतील मैफली ओसरल्या आणि अनेक वादक चित्रपटांच्या स्टुडिओंकडे वळले. संगीतकार चाल सांगत. गोमंतकीय जाणकार ती स्वरलिपीत उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग निराळा लिहून देत. रामचंद्रांच्या ‘अलबेला’तील (१९५१) पाश्चात्त्य वळणाच्या संगीतात चिक यांचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी ‘नादान’ला त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले. तरीही पडद्यामागच्या या मंडळींची नावे श्रेयनामावलीत बहुधा येतच नसत. ‘आखरी खत’मध्ये (१९६६) मात्र चिक स्वतः ट्रम्पेट वाजविताना दिसतात. पुढच्याच वर्षी, १९६७ च्या मे महिन्यात, त्यांचे निधन झाले. वयाची पन्नाशी तेव्हा नुकतीच उलटली होती.

धर्मग्रामाच्या शाळेत रुजलेली विद्या हॉटेलात रंगली, स्टुडिओत शिरली आणि अखेरीस खेड्यापाड्यांतील वरातींत पोहोचली. ऐकणाऱ्यांनी चाल जपली, वाजविणारा विस्मरणात गेला. हे ऋण नाव घेऊनच फेडता येते. आपल्या चर्चमध्ये रविवारी पेटीवर बसणाऱ्याचे नावही आपल्याला ठाऊक असावे, एवढेच आमचे सांगणे.