सय्यद अब्दुल रहीम

सय्यद अब्दुल रहीम (१७ ऑगस्ट १९०९ – ११ जून १९६३) हे भारतीय फुटबॉल प्रशिक्षक होते. ते रहीमसाहेब या नावाने ओळखले जात. इ.स. १९५० पासून मृत्यूपर्यंत ते भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ व १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवले.

सुरुवातीचे जीवन

रहीम यांचा जन्म हैदराबाद येथे झाला. ते व्यवसायाने शिक्षक होते. इ.स. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले.

कारकीर्द

रहीम यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईतील रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १०–१ असा पराभूत झाला. तेव्हा अनेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळत असत. या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरवून चौथे स्थान मिळवले. या सामन्यात मुंबईकडून खेळणारे, मूळचे गोव्याचे नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले.

१९६२ च्या जाकार्ता आशियाई खेळांच्या वेळी रहीम कर्करोगाने आजारी होते. पहिल्या सामन्यात भारत दक्षिण कोरियाकडून हरला. बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला दुखापत झाल्यावर रहीम यांनी त्यांना आघाडीच्या फळीत खेळवले. ४ सप्टेंबर रोजी, भारतविरोधी घोषणा देणाऱ्या प्रेक्षकांसमोर झालेल्या अंतिम सामन्यात भारताने त्याच दक्षिण कोरियाला २–१ असे नमवले. प्रदीपकुमार बॅनर्जी व जर्नेल सिंग यांनी गोल केले.

प्रशिक्षण पद्धती

चेंडू पायाशी खेळवत राहण्यापेक्षा तो झटपट सहकाऱ्याकडे देण्यावर रहीम यांचा भर असे. त्यासाठी ते ड्रिब्लिंगला मनाई असलेल्या, तसेच केवळ कमकुवत पायाने खेळण्याच्या स्पर्धा घेत. ४-२-४ ही रचना भारतात रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

मृत्यू व वारसा

जाकार्तातील विजयानंतर नऊ महिन्यांनी रहीम यांचे निधन झाले. त्यानंतर भारताला आशियाई खेळांत फुटबॉलचे सुवर्णपदक मिळालेले नाही. त्यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम हे १९६० च्या ऑलिंपिक संघात होते. पुढे ते आंतरराष्ट्रीय पंच झाले. रहीम यांच्या जीवनावरील मैदान हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात अजय देवगण यांनी त्यांची भूमिका केली आहे.