विश्लेषण : चार अंकी संख्या शेवटी ६१७४ वरच का येते? देवळालीच्या शिक्षकाचा शोध काय होता?

दिघीच्या चौकात सिग्नलला थांबलात, तर पुढच्या गाडीच्या ‘एमएच १४’ नंबरप्लेटवरचे शेवटचे चार अंक पाहा. चारही सारखे नसतील, तर साधी वजाबाकी करत ते जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येतात. नाशिकजवळच्या देवळालीतील शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४६ मध्ये हे शोधले. ६१७४ ला आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

कोण होते कापरेकर?

जन्म १९०५, डहाणू. शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पदव्युत्तर पदवी मात्र त्यांच्याकडे नव्हती. १९३० ते १९६२ त्यांनी देवळालीत शाळेत शिकवले.

वजाबाकी कशी करायची?

अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून दोन संख्या करा. मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. शून्य सोडायचे नाही. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतले, तर पूर्ण सात पायऱ्या लागतात :

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च.

हा योगायोग का नाही?

अंक उतरत्या क्रमाने लावले, की उत्तर दोनच फरकांवर ठरते. पहिल्या-चौथ्या अंकातील फरक गुणिले ९९९, अधिक दुसऱ्या-तिसऱ्यातील फरक गुणिले ९०. १९०५ साठी हे फरक ९ आणि ४, म्हणून ८९९१ + ३६० = ९३५१. अशी वेगवेगळी उत्तरे फक्त ५४ निघतात. म्हणजे ९,९९० संख्या तपासण्याची गरज नाही. ५४ तपासल्या की प्रमेय सिद्ध. त्याला कागद-पेन्सिल पुरते.

दखल कधी घेतली गेली?

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी हा शोध मांडला. पण देशातल्या अनेक गणितज्ञांना हे काम क्षुल्लक वाटले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरात त्यांच्यावर लिहिले आणि नाव जगभर पोहोचले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

तीन अंकी संख्यांचे काय?

तीन अंक सारखे नसतील, तर ही वजाबाकी ४९५ वर थांबते. दोन किंवा पाच अंकांत मात्र असा एकच मुक्काम नाही. तिथे संख्या गोल फिरत राहतात.