कुंचला आणि कुदळ : चित्रकार क्लॉद मोने

या वेळी आम्ही ओळख करून देत आहोत ती फ्रान्सचे थोर चित्रकार क्लॉद मोने यांची. चित्रांइतकाच जीव त्यांनी आपल्या बागेत ओतला.

मोने यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८४० रोजी पॅरिस येथे झाला. बालपण ल हाव्र या बंदराच्या गावी गेले. शाळेत असल्यापासून ते लोकांची व्यंगचित्रे काढीत. तेथेच चित्रकार बूदँ यांनी त्यांना उघड्यावर बसून निसर्ग रंगवायला शिकवले. १८७४ साली मोने व त्यांच्या मित्रांनी पॅरिसमध्ये स्वतंत्र प्रदर्शन भरवले. टीकाकारांनी थट्टेने त्यांना 'इम्प्रेशनिस्ट' म्हटले आणि पुढे तेच नाव मानाचे ठरले. मात्र त्या काळात घरात पैशाची चणचण होती. १८७९ मध्ये पत्नी कामीय यांचे निधन झाले आणि दोन लहान मुले मागे राहिली.

१८८३ मध्ये मोने जिव्हेर्नी या खेड्यात भाड्याच्या घरात राहायला आले. चित्रांना किंमत येऊ लागल्यावर १८९० मध्ये त्यांनी ते घर विकत घेतले आणि बाग जोमाने फुलवली. वाटांच्या कडेने त्यांनी आयरिसच्या रांगा लावल्या. १९०० साली त्यांनी याच जांभळ्या फुलांचे वाफे रंगवले. ते चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

आयरिसचे फूल दिसायला नाजूक असले तरी त्याची रीत ठरलेली असते. खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असलेल्या 'दाढीवाल्या' आयरिसला किमान अर्धा दिवस ऊन लागते. त्याचा कंद आल्यासारखा आडवा वाढतो. लावताना त्याची पाठ मातीच्या वर दिसली पाहिजे. कंद खोल पुरला तर पाने भरपूर येतात, पण फूल येत नाही. पाणी साचले तर तो कुजतो. तीन-चार वर्षांत कंदांची दाटी होते आणि फुले कमी होतात. अशा वेळी बहर सरल्यावर ते उपटून, जुने भाग काढून, निरोगी तुकडे नव्याने लावावे लागतात. काही जातींना मात्र याउलट पाणथळ काठच मानवतो.

१८९३ मध्ये मोने यांनी जवळची जमीन घेऊन ओढ्याच्या पाण्यावर तळे करायचे ठरवले. परदेशी झाडांमुळे पाणी बिघडेल, या भीतीने गावकऱ्यांनी विरोध केला. मोने यांनी अधिकाऱ्यांकडे चिकाटीने अर्ज करून परवानगी मिळवली. तळ्यात कमळे व काठी आयरिस फुलले.

पुढे दुःखे आली. १९११ मध्ये दुसऱ्या पत्नी आलीस व १९१४ मध्ये थोरला मुलगा झाँ वारला. १९१२ मध्ये डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे निदान झाले होते. रंग नीट ओळखू येईनात, तेव्हा नळ्यांवरची नावे पाहून ते रंग घेत. महायुद्धाच्या काळातही त्यांनी घर सोडले नाही. तळ्याची भव्य चित्रे ते रंगवीत राहिले. १९२३ मध्ये डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. ५ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. राष्ट्राला दिलेली ती चित्रे १९२७ पासून पॅरिसच्या ओरांझरीत सर्वांना पाहता येऊ लागली. उजाड झालेली बागही नव्याने उभी करून १९८० मध्ये लोकांसाठी खुली झाली.

दाढीवाल्या आयरिसला हिवाळ्याची थंडी हवी असते, त्यामुळे आपल्याकडच्या उष्ण हवेत तो सहसा नीट फुलत नाही. पण आपल्या अंगणातली कर्दळही कंदांपासूनच वाढते आणि दाटी झाली की तिलाही मोकळे करावे लागते. या सुट्टीत पालकांनी मुलांच्या हाती खुरपे देऊन एवढे काम जरूर करून घ्यावे. नजर अधू होत असतानाही मोने यांनी आपले काम सोडले नाही. आपल्या मुलांनी त्यांच्याकडून ही चिकाटी घ्यावी, असे आम्हांला वाटते.