लसिकेचा उगम शोधणाऱ्या डॉ. फ्लोरेन्स सॅबिन

तान्ह्या बाळाच्या मानेवर कधीकधी पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी मऊ गाठ दिसते. वैद्यकात तिला ‘सिस्टिक हायग्रोमा’ हे जुने नाव आहे. बहुधा जन्मतःच किंवा वयाच्या पहिल्या दोन वर्षांत ती लक्षात येते आणि घरातल्यांच्या काळजाचा ठोका चुकतो. ही गाठ कर्करोगाची नसते. शरीरात लसिका वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नलिकांची घडण गर्भावस्थेतच बिघडल्याने ती तयार होते. ती मानेतच अधिक का आढळते आणि तेथील मोठ्या रक्तवाहिन्यांना इतकी बिलगून का असते, या प्रश्नांच्या उत्तराची वाट सव्वाशे वर्षांपूर्वी एका अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ स्त्रीने खुली केली. त्यांचे नाव डॉ. फ्लोरेन्स रीना सॅबिन.

९ नोव्हेंबर १८७१ रोजी कोलोरॅडोतील सेंट्रल सिटी या खाणकामगारांच्या गावी त्यांचा जन्म झाला. वडील खाण अभियंता, तर आई शिक्षिका होती. १८७८ मध्ये प्रसूतीनंतरच्या ज्वराने आईचे निधन झाले आणि फ्लोरेन्स व थोरली बहीण मेरी यांचे बालपण वसतिगृहात आणि नातलगांकडे गेले. १८९३ मध्ये स्मिथ महाविद्यालयाची पदवी मिळाली. पण वैद्यकीय शिक्षणासाठी गाठीशी पैसा नव्हता. तीन वर्षे शिकवण्याची नोकरी करून त्यांनी तो साठवला आणि १८९६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला. या विद्यालयाचे दार स्त्रियांना उघडे होते, त्यालाही कारण होते. संस्था उभारताना निधी कमी पडला, तेव्हा काही स्त्रियांनी पुढाकार घेऊन तो जमवला आणि पुरुषांच्या बरोबरीने स्त्रियांनाही प्रवेश मिळावा, अशी अट घातली होती.

तेथे प्राध्यापक फ्रँकलिन मॉल यांनी त्यांच्यातील संशोधक ओळखला. १९०० मध्ये पदवी मिळाल्यानंतर त्या लसिकासंस्थेच्या अभ्यासाकडे वळल्या. पेशींभोवती झिरपलेला द्रव गोळा करून पुन्हा रक्तात आणून सोडणे, हे या संस्थेचे काम. या नलिका मुळात येतात कोठून, याविषयी मात्र मतभेद होते. ऊतींमधील मोकळ्या पोकळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन त्या तयार होतात आणि अखेरीस शिरांना मिळतात, असे अनेकांचे मत होते. डॉ. सॅबिन यांनी डुकराचे अगदी लहान गर्भ घेतले, त्यांच्या नाजूक नलिकांमध्ये सुईने रंग सोडला आणि तो कोठवर पोहोचतो, हे गर्भाच्या वाढीच्या एकेका टप्प्यावर तपासले. १९०२ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष प्रचलित समजुतीच्या उलट होता. लसिकानलिका शिरांच्याच भिंतीतून अंकुरतात. मानेच्या बाजूस आधी लसिकेच्या पिशव्या तयार होतात आणि तेथून फुटलेले फाटे त्वचेकडे व अवयवांकडे पसरत जातात.

या मांडणीला कडाडून विरोध झाला आणि वाद कित्येक वर्षे चालला. मात्र मानेतील गाठीचे कोडे उलगडायला तिचा मोठा आधार मिळाला. लसिकेच्या या आद्य पिशव्या मानेतील मोठ्या शिरेलगत असतात. त्यांचा शिरेशी नीट संबंध जुळला नाही किंवा त्यांचे फाटे तुटून वेगळे पडले, तर द्रव साचतो आणि पुटी फुगते, असे स्पष्टीकरण पुढे रूढ झाले. आज उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही हे नाते विसरून चालत नाही. गाठ मानेतील मुख्य धमनी, शीर आणि मज्जातंतूंना वेढून बसलेली असू शकते. पुटीच्या आत रक्तस्राव झाला, तर ती अचानक वाढून श्वासमार्गावर दाब येऊ शकतो. काही मुलांमध्ये लसिकानलिकांबरोबर शिरांचीही घडण बिघडलेली असते. म्हणूनच शस्त्रक्रिया करण्यापूर्वी किंवा पुटी आक्रसवणारे औषध आत सोडण्यापूर्वी सोनोग्राफी, डॉपलर आणि एमआरआय या तपासण्यांनी रक्तवाहिन्यांचा माग काढला जातो.

१९१७ हे वर्ष डॉ. सॅबिन यांच्यासाठी मानाचे आणि मनस्तापाचेही ठरले. हॉपकिन्सच्या वैद्यकीय विद्यालयात पूर्ण प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्याच वर्षी गुरू मॉल यांचे निधन झाले. विभागप्रमुखपदावर त्यांचाच हक्क आहे, असे अनेकांना वाटत होते. पण ते पद त्यांच्याच एका माजी विद्यार्थ्याला मिळाले. विद्यार्थ्यांनी निषेध केला. त्या मात्र हॉपकिन्स सोडून गेल्या नाहीत आणि त्यांचे संशोधनही थांबले नाही. कोंबडीच्या जिवंत गर्भात रक्तवाहिन्या व रक्तपेशी तयार होताना पाहण्यासाठी त्यांनी सूक्ष्मदर्शकापाशी अख्खी रात्र जागून काढली. १९२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत जाऊन त्यांनी क्षयरोगावरील संशोधन हाती घेतले.

१९३८ मध्ये निवृत्त होऊन त्या डेन्व्हरला बहिणीकडे राहायला आल्या. १९४४ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, कोलोरॅडोच्या आरोग्यविषयक समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ते शोभेपुरते राहील, ही अनेकांची अटकळ त्यांनी खोटी ठरवली. राज्यभर हिंडून त्यांनी दूषित पाणी, अशुद्ध दूध आणि सांडपाण्याची दुरवस्था लोकांपुढे मांडली. १९४७ मध्ये संमत झालेले आरोग्यविषयक कायदे आजही त्यांच्या नावाने ओळखले जातात. पुढे डेन्व्हर शहराच्या आरोग्य विभागाची धुरा वाहताना त्यांनी छातीच्या क्ष-किरण तपासणीची मोठी मोहीम राबवली आणि दोन वर्षांत शहरातील क्षयाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. १९५१ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. ३ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. १९५९ पासून वॉशिंग्टनच्या संसद भवनात कोलोरॅडोतर्फे त्यांचा पुतळा उभा आहे.

लसिकेच्या उगमाचा वाद निकालात निघायला मात्र शतकाची अखेर उजाडली. लसिकानलिकांच्या घडणीसाठी ‘प्रॉक्स-१’ हे जनुक आवश्यक असते आणि गर्भातील मुख्य शिरेच्या काही पेशींमध्ये ते जागे झाले की त्या पेशी शिरेतून बाहेर पडून लसिकानलिका घडवू लागतात, हे १९९९ पासूनच्या उंदरांवरील प्रयोगांनी दाखवले. काही अवयवांत इतर पेशींचाही हातभार लागतो, हे पुढे दिसून आले. म्हणजे विरोधकांच्या म्हणण्यातही थोडे तथ्य होते. तरीही मुख्य उगम डॉ. सॅबिन यांनी दाखवला तेथेच, शिरेच्या भिंतीत, सापडला. तोवर त्यांच्या निधनाला सेहेचाळीस वर्षे उलटली होती.