गहुलीचे शेत आणि वसंतराव

पुसद तालुक्याच्या डोंगराळ भागात गहुली नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावाने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. त्यांपैकी पहिले कै. वसंतराव नाईक. त्यांचे चरित्र वाचताना मला अधिक ओढ वाटली ती त्यांच्या पदांची नव्हे, तर त्यांच्या गावच्या शेतीची.

बंजारा समाज मूळचा फिरता. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर वाहून नेणे हा त्याचा व्यवसाय. इंग्रजी अमदानीत रेल्वे आली, सडका झाल्या आणि हा व्यवसाय बुडाला. वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग यांनी गहुली वसवली व तांडा शेतीला लागला. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे धान्य वाहणारे हात स्वतःचे धान्य पिकवू लागले. चतुरसिंगांचे चिरंजीव फुलसिंग यांच्या घरी १ जुलै १९१३ रोजी वसंतरावांचा जन्म झाला.

शिक्षणासाठी त्यांनी तांडा सोडला. नागपुरात शिकून १९४० साली ते वकील झाले. १९४१ साली वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. त्या काळी ही सोपी गोष्ट नव्हती. १९४६ साली ते पुसदचे नगराध्यक्ष झाले, १९५२ साली जुन्या मध्य प्रदेशच्या विधानसभेत गेले आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. ११ वर्षांहून अधिक काळ ते त्या पदावर होते.

तो काळ धान्यटंचाईचा होता. दोन वर्षांत राज्य धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाले नाही तर आपल्याला फाशी द्यावी, असे त्यांनी १९६५ साली पुण्यात जाहीरपणे सांगितले. त्यांनी हायब्रिड ज्वारीचा हिरिरीने प्रसार केला. १९६८ ते १९७२ या काळात राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे कृषी विद्यापीठे उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात हाताला काम देणारी रोजगार हमी योजना आली. आमची आजी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. त्या मजुरीवर घरची चूल पेटली, हे ती आजही सांगते.

उतारावरच्या शेतकऱ्याचे खरे दुखणे म्हणजे पाणी. पाऊस पडतो, पण डोळ्यांदेखत माती घेऊन नाल्याला जातो. असे पाणी अडवणारे छोटे बंधारे ‘वसंत बंधारे’ म्हणून ओळखले जातात, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. त्यांचे पुतणे सुधाकरराव मुख्यमंत्री असताना १९९२ साली जलसंधारणाचे स्वतंत्र खाते निघाले. गहुलीच्या घराने पाण्याचा विचार असा दोन पिढ्या केला.

तरीही एक प्रश्न मनाला टोचतो. वसंतरावांच्या जिल्ह्याचे नाव पुढे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर घेतले गेले. हायब्रिडने कणग्या भरल्या. पण त्याचे बी घरचे चालत नाही, दरसाल विकत आणावे लागते. खताचा खर्च वेगळा. पाऊस दगा देतो, भाव दगा देतो, कर्ज मात्र राहते. कापसासाठी त्यांच्याच काळात एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली होती. ती आता उरलेली नाही. पीक वाढविण्याचे काम त्यांच्या पिढीने केले. पिकविणाऱ्याला जगविण्याचे काम अपुरेच आहे.

१८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे वसंतरावांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळतात.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. शिकून पुन्हा नांगर धरू नको, असे बाबा बजावतात. पाच एकर मुरमाड जमिनीने त्यांना ते शिकवले आहे. वसंतरावांनीही शिक्षणासाठी गाव सोडले. पण मंत्रालयात जाताना ते आपले शेत मनात घेऊन गेले. आम्हा शिकणाऱ्या मुलांना उद्या शिक्षकाची, कारकुनाची वा तलाठ्याची खुर्ची मिळेल. त्या खुर्चीसमोर एखादा कोरडवाहू शेतकरी कागद घेऊन उभा राहील, तेव्हा त्याला ताटकळत न ठेवण्याइतके शेत तरी आम्ही मनात जपले पाहिजे.