भास्कराचार्य आणि कलनाचे दोन तीर

शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडवीड या गावी भास्कराचार्यांचा जन्म झाला. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला.

चंद्राची गती सतत बदलते. आजच्या आणि उद्याच्या स्थानांतील अंतर तिचे स्थूल मापच देते. म्हणून त्यांनी त्या क्षणाची ‘तात्कालिकी’ गती मांडली आणि ज्येतील सूक्ष्म बदल कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हे ओळखले. हे विकलनाचे बीज होय. त्याच ग्रंथात गोलाचा पृष्ठभाग आवळ्याच्या फाकांप्रमाणे विभागून, फाकेच्या तुकड्यांची बेरीज करून त्यांनी क्षेत्रफळ काढले. घनफळासाठी केंद्राशी टोक असलेल्या सूच्या कल्पिल्या. हे संकलनाचे बीज होय.

क्षणोक्षणीच्या गतीने कापलेली सूक्ष्म अंतरे मिळवीत गेल्यास एकूण अंतर मिळते; त्या अंतराच्या बदलाचा दर काढल्यास पुन्हा गतीच हाती येते. विकलन आणि संकलन या अशा परस्परांच्या उलट क्रिया आहेत. हे नाते सर्वसाधारण नियम म्हणून प्रस्थापित झाले ते सतराव्या शतकात, न्यूटन व लायब्निझ यांच्या हातून. भास्कराचार्यांनी दोन्ही तीर पाहिले होते. त्यांना जोडणारा पूल मात्र बांधायचा राहिला. तो त्यांच्या नावावर लिहिण्याची गरज नाही. त्यांचे कार्य त्याविनाही थोरच आहे.

नातू चंगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापिला. तेथील १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो.